द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म : सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०; मृत्यू : हपै प्रांत, चीन, ९ डिसेंबर १९४२) हे दुसऱ्या चीन-जपान युद्धात चिनी सैनिकांवर उपचार करणारे भारतीय शल्यचिकित्सक होते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाचे ते सदस्य होते. पथकातील इतर सदस्य कालांतराने मायदेशी परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रातच राहिले आणि वयाच्या ३२व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. भारतात त्यांचे नाव प्रामुख्याने १९४६ सालच्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. या चित्रपटामुळे त्यांच्या कार्याविषयी काही गैरसमजही रूढ झाले आहेत. त्यांचे मुख्य काम साथीच्या रोगांवरील संशोधनाचे नव्हते. ते युद्धातील जखमींवर तातडीने उपचार करण्याचे आणि असे उपचार करू शकणारी माणसे तयार करण्याचे होते.

सुरुवातीचे जीवन

कोटणीस यांचा जन्म सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण सोलापुरातच झाले. त्या काळी सोलापूर हे कापड गिरण्यांचे आणि राजकीयदृष्ट्या जागृत असे शहर होते. १९३० साली तेथे लष्करी कायदा पुकारला गेला होता. वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. या महाविद्यालयात भारतीय प्राध्यापकांचीच नेमणूक व्हावी अशी देणगीदारांची अट होती, आणि त्यामुळे राष्ट्रीय विचारांच्या विद्यार्थ्यांना त्याचे विशेष आकर्षण असे. १९३६ साली पदवी घेतल्यानंतर ते पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करत होते. चीनला जाणाऱ्या पथकाची वार्ता त्यांच्या कानी आली ती याच सुमारास.

भारतीय वैद्यकीय पथक

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. चिनी सैन्याकडे माणसांची वाण नव्हती. शल्यचिकित्सक, औषधे आणि उपकरणे मात्र अत्यंत अपुरी होती. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ साली जनतेला मदतीचे आवाहन केले. लोकवर्गणीतून सुमारे २२,००० रुपये जमले आणि त्यातून एक रुग्णवाहिका व औषधांचा साठा यांसह पाच डॉक्टर पाठवण्याचे ठरले.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले होते, त्यामुळे युद्धशल्यक्रियेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. विदर्भातून नागपूरचे डॉ. एम. चोळकर निवडले गेले. ते वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. कलकत्त्याहून डॉ. बी. के. बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे उरलेले तिघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून ‘राजपुताना’ या जहाजाने निघाले आणि त्याच महिन्याच्या मध्यास कँटन येथे पोहोचले. तेथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावे देण्यात आली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हा शब्द होता. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले, आणि चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात.

पथक आत सरकत असतानाच आघाडी मागे हटत होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये कँटन आणि त्यापाठोपाठ हांकौ जपान्यांच्या हाती पडले. हांकौच्या लष्करी रुग्णालयांत काही काळ काम केल्यानंतर डॉक्टरांना यीछांगमार्गे छोंगछिंगला जावे लागले. तेथे असतानाच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. घरी परतण्याची मुभा असूनही ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक साम्यवादी चळवळीचे केंद्र असलेल्या येनान येथे पोहोचले, तेथे माओ त्से-तुंग यांनी त्यांची भेट घेतली. चोळकर व मुखर्जी त्याच वर्षी भारतात परतले. अटल यांना प्रकृतीच्या कारणास्तव १९४० मध्ये परतावे लागले, तर बसू १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले.

युद्धक्षेत्रातील जखमींची व्यवस्था

कोटणीस यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या युद्धक्षेत्रातील स्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे. जिन-छा-जी या नावाने ओळखला जाणारा सीमाप्रदेश शान्सी, छाहार आणि हपै या प्रांतांच्या डोंगराळ भागात पसरलेला होता. रेल्वेमार्ग व शहरे जपान्यांच्या ताब्यात होती. बाहेरून औषधे येण्याचे मार्ग जवळजवळ बंद होते. पेनिसिलीन तेव्हा उपलब्ध नव्हते. मलमपट्ट्या धुऊन पुन्हा वापरल्या जात, मोडलेल्या हाडांना आधार देण्यासाठी स्थानिक लाकडाच्या पट्ट्या केल्या जात आणि जखमींना शेतकऱ्यांच्या खांद्यावरील डोल्यांतून डोंगरवाटांनी आणले जाई.

अशा स्थितीत जखमी सैनिकाचे भवितव्य बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच ठरलेले असे. वाहते रक्त वेळेवर थांबले नाही तर तो वाटेतच दगावे. तो जगलाच, तर मातीने माखलेल्या जखमेत काही तासांत जंतूंची वाढ सुरू होई आणि वायुजन्य कोथ किंवा धनुर्वात झाला की हातपाय कापण्यावाचून, किंवा मृत्यूवाचून, पर्याय उरत नसे. म्हणून पहिली मलमपट्टी करणारा, नाडी व श्वास पाहणारा, कोणाला आधी आत घ्यायचे आणि कोण थोडा वेळ थांबू शकतो हे ठरवणारा परिचारक किंवा परिचारिका यांचे काम शल्यचिकित्सकाच्या कामाइतकेच निर्णायक होते. ही वर्गवारी वरवर पाहता निष्ठुर वाटते. मोठ्याने कण्हणारा रुग्ण बाजूला ठेवून निपचित पडलेल्या, फिकट व गार अंगाच्या रुग्णाकडे आधी धावावे लागते, कारण तो रक्तक्षयाने आघातावस्थेत गेलेला असतो. आज अपघात विभागांत परिचारिकांना हाच क्रम शिकवला जातो.

या प्रदेशातील युद्धशल्यक्रियेची घडी कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांनी बसवली होती. स्पेनमध्ये रक्त आघाडीपर्यंत नेण्याची व्यवस्था उभारून त्यांनी नाव मिळवले होते. चीनमध्ये त्यांनी आरंभी एक आदर्श रुग्णालय उभारले, परंतु जपानी हल्ल्यात ते अल्पावधीतच नष्ट झाले. त्यानंतर त्यांनी खेचरांवर वाहून नेता येईल अशा फिरत्या शस्त्रक्रिया पथकावर भर दिला. जखमी येईपर्यंत वाट न पाहता डॉक्टरांनीच त्यांच्याकडे जावे, हे त्यांच्या कार्यपद्धतीचे सूत्र होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन बेथून यांचे निधन झाले. कोटणीस १९४० च्या मध्यास या प्रदेशात आले तेव्हा बेथून यांची जागा रिकामी होती.

१९४० ची मोहीम

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेने जपानी ताब्यातील रेल्वेमार्ग व ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले सुरू केले. ही मोहीम ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ म्हणून ओळखली जाते. गनिमी लढायांत जखमी थोडेथोडे येत. या मोहिमेत मात्र ते लोंढ्याने येऊ लागले. कोटणीस आघाडीच्या जवळ राहून काम करत होते. या काळात त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे आणि आठशेहून अधिक जखमींवर उपचार केल्याचे उल्लेख त्यांच्या चरित्रांत आढळतात. हा आकडा एका माणसाच्या पराक्रमाचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः इतके रुग्ण हाताळायचे तर जखमा धुणारे, उपकरणे उकळणारे, रुग्णाला शुद्धीवर येईपर्यंत सांभाळणारे आणि पुढच्या डोलीकडे पाहणारे अनेक हात लागतात. बहुतेक चरित्रे त्यांच्याविषयी काही सांगत नाहीत.

बेथून रुग्णालय आणि विद्यालय

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांची बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाच्या संचालकपदी नेमणूक झाली. बेथून यांच्याच नावाने चालणाऱ्या आरोग्य विद्यालयात ते शल्यशास्त्र शिकवत. एव्हाना त्यांनी चिनी भाषा चांगली आत्मसात केली होती. दुभाष्याशिवाय रुग्णाशी बोलणे आणि विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवणे त्यांना शक्य झाले होते. विद्यार्थ्यांपैकी अनेक जण शेतकरी कुटुंबांतून आलेले होते आणि त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम झालेले होते. त्यांच्यासाठी कोटणीस शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. ते त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही.

रुग्णालय म्हणजे एक पक्की इमारत, असे येथे नव्हते. १९४१ च्या शरद ऋतूत जपानी सैन्याने या प्रदेशात मोठी मोहीम उघडली तेव्हा रुग्ण, विद्यार्थी आणि साहित्य यांसह डोंगरांतून स्थलांतर करावे लागले. चालू न शकणाऱ्या रुग्णांना गावकऱ्यांच्या घरांत लपवले जाई. हलवण्यायोग्य रुग्ण कोणता आणि न हलवण्यायोग्य कोणता, हा निर्णय अशा वेळी केवळ वैद्यकीय राहत नसे.

विवाह व कुटुंब

विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान या प्रशिक्षित परिचारिकेशी कोटणीस यांचा परिचय बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी झाला. १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. भारतीय लेखनात छिंगलान यांचा उल्लेख बहुधा केवळ पत्नी म्हणून येतो. परंतु जखमींची शुश्रूषा शिकवण्याच्या ज्या कामावर ही सारी व्यवस्था उभी होती, त्यात त्या स्वतः शिक्षिका होत्या. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली यिनहुआचे अकाली निधन झाले. छिंगलान पुढे दालियान येथे राहिल्या. पतीच्या मृत्यूनंतरही त्यांनी कोटणीस कुटुंबाशी संबंध टिकवला आणि अनेकदा भारताला भेट दिली. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

मृत्यू

अपुरा आहार, थंडी आणि अविश्रांत श्रम यांमुळे कोटणीस यांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जाण्याचा आग्रह झाला, तरी त्यांनी काम सोडले नाही. जुलै १९४२ मध्ये त्यांनी चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला लागोपाठ आलेल्या झटक्यांनंतर त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेश लिहिला. हपै प्रांतातील थांग परगण्यात त्यांचे दफन करण्यात आले. पुढे त्यांचे अवशेष शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात हलवण्यात आले. बेथून यांची समाधीही तेथेच आहे.

चित्रपट आणि लोकस्मृती

ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीस यांच्या जीवनावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी, तर छिंगलान यांची भूमिका जयश्री यांनी केली. चित्रपटात नायक प्लेगवर उपाय शोधताना रोगाला बळी पडतो असे दाखवले आहे. प्रत्यक्षात असे घडले नव्हते. मृत्यूचे कारण अपस्मार हे होते. कथेच्या सोयीसाठी केलेला हा बदल समजण्यासारखा असला, तरी त्यामुळे रक्तस्राव थांबवणे, जखम साफ करणे, तुटलेले हाड बांधणे आणि हे सारे दुसऱ्यांना शिकवणे हे कोटणीसांचे खरे काम मराठी वाचकांच्या नजरेआड गेले आहे.

सन्मान व स्मारके

चीनने १९८२ साली व भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. भारतभेटीवर आलेले चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत आले आहेत. २००६ साली राष्ट्राध्यक्ष हू जिंताव यांनी मुंबईत ही भेट घेतली. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घराचे स्मारक व संग्रहालयात रूपांतर करण्यात आले आहे. शिच्याच्वांग येथे ‘के दीहुआ’ यांच्या नावाचे वैद्यकीय विद्यालय आहे. तेथे त्यांचा पुतळा असून विद्यार्थी त्यासमोर रुग्णसेवेची शपथ घेतात.