पिशवी राखणारा शल्यविशारद

जगात कोठेही प्रसूतिशास्त्राचा ग्रंथ उघडला, तर त्यात गोव्यातील एका गावाची ओळख सांगणारे आडनाव भेटते. ‘शिरोडकर टाका’ हा शब्दप्रयोग रूढ करणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ मध्ये शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९२३ मध्ये पदवी मिळविली, १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. झाले आणि पुढे जे. जे. रुग्णालयात रुग्णसेवा व अध्यापन केले.

चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या पदरी त्या काळी औषधापेक्षा बोलच अधिक पडत. अशा काही स्त्रियांत दोष नशिबाचा नसून गर्भाशयाच्या दुबळ्या मुखाचा असतो. गर्भाचा भार पेलवेनासा झाला की ते वेदनांवाचून अकाली उघडते, हे शिरोडकरांनी हेरले. रुग्णाच्याच मांडीतील चिवट आवरणाची पट्टी घेऊन त्यांनी ते मुख आवळून बांधले. ही पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅक्डोनल्ड यांनी तिचे सोपे रूप मांडले. परंतु शिरोडकरांचे नाव पुसले गेले नाही.

अंग बाहेर येण्याच्या व्याधीवरही त्यांनी, विशेषतः तरुण स्त्रियांसाठी, गर्भाशयाला आधार देऊन ते जागेवर राखणारी शस्त्रक्रिया योजिली. काढून टाकणे सोपे असते, राखणे अवघड. त्यांनी अवघड मार्ग पत्करला. शासनाने १९६० मध्ये पद्मभूषण व १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

गर्भाशयात दुर्बीण घालून पाहण्याचा पहिला यशस्वी प्रयोग पँटालिओनी यांनी १८६९ मध्येच केला होता. तथापि हिस्टेरोस्कोपी नित्य वापरात आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आज पोटावर छेद न घेता आतील मोड काढता येतो, वारंवार गर्भपातास कारण ठरू शकणारा पडदा कापता येतो आणि रक्तस्रावाचे मूळ डोळ्यांनी पाहता येते. शिरोडकरांनी ज्या दिशेने पाऊल टाकले, त्याच दिशेची ही वाट आहे.

असे असताना बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे आज पोटासाठी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीच्या आश्रयाला आली आहेत. रोजंदारी बुडते म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या तेथील कामगार स्त्रीलाही प्रथम तपासणी आणि मगच शस्त्रक्रिया, हा क्रम मिळाला पाहिजे. कर्करोगासारख्या व्याधीत पिशवी काढणे अटळ ठरते, हे खरे. पण अटळ काय आणि सोयीचे काय, याचा विवेक सुटता कामा नये. तो विवेक गरिबाच्या दारी पोहोचविणे, हेच शिरोडकरांचे खरे स्मारक ठरेल.