चिलखताशिवायचे शिवराय: महाराजांचं चित्र डचांपर्यंत कसं गेलं?

कल्याणहून भिवंडीला निघालात की खाडीच्या पुलाजवळ दुर्गाडी किल्ला लागतो. मराठा आरमाराची सुरुवात इथली. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २७ वर्षं. शिवनेरीवर जन्मलेल्या, डोंगरात वाढलेल्या या राजाने खाडी हाती येताच जहाजं बांधायला घेतली. कामावर पोर्तुगीज कारागीरही ठेवले.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट ठरली. त्या दिवशी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता. (आज आपण पागोट्यालाच जिरेटोप म्हणतो, पण मूळ शब्द लढाईतल्या टोपाचा.) चिलखत मिरवायला नव्हतं, जीव वाचवायला होतं.

युरोपात याच्या उलट. प्रिन्स मॉरिस या डच सेनापतीला मिरेव्हेल्ट या चित्रकाराने सोनेरी चिलखतात रंगवलंय. हे चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्याच संग्रहालयात महाराजांचंही एक छोटं चित्र आहे, गोवळकोंड्याच्या शैलीतलं. त्यात जामा आहे, शस्त्र आहे, चिलखत नाही.

डचांना महाराज ऐकूनच माहीत होते असं नाही. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली तेव्हा तिथली डच वखार थोडक्यात वाचली होती. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. १६७७ मध्ये दक्षिणेत जाताना महाराज गोवळकोंड्याला कुतुबशहाला भेटले. त्या भागात डचांचा व्यापार जोरात होता आणि दख्खनी चित्रं हॉलंडमधले शौकीन जमवत होते. ३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराजांचं निधन झालं. पुढे १७२४ ते १७२६ या काळात फ्रांस्वा व्हॅलेंटाइनचा ईस्ट इंडीजवरचा भलामोठा डच ग्रंथ छापला गेला, त्यातही महाराजांचं चित्र होतं.

इकडे महाराष्ट्रात मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराज म्हणून छापलं जात होतं. लोक त्यालाच नमस्कार करत होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना ते पटेना. जुनी दफ्तरं धुंडाळून त्यांनी व्हॅलेंटाइनशी संबंधित चित्र शोधलं आणि १९३३ मध्ये लोकांसमोर आणलं. ज्यांच्या वखारीने महाराजांची धास्ती घेतली होती, त्यांच्याच कागदांत त्यांचा चेहरा सापडला.