शिशाचा माग काढणारी डॉक्टर

शिशाच्या विषाची ओळख माणसाला ग्रीक-रोमन काळापासून होती. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेसारख्या उद्योगप्रधान देशात त्या विषाने किती कामगार पांगळे होतात, याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती. आपल्या कारखान्यांत असे काही घडत नाही, हा तेथील कारखानदारांचा ठाम समज होता. त्याला पुराव्यानिशी धक्का दिला तो डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी.

१८६९ साली जन्मलेल्या हॅमिल्टन फोर्ट वेन या गावी सुखवस्तू घरात वाढल्या. मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी १८९३ मध्ये घेतली. १८९७ मध्ये त्या शिकागोला आल्या आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या सेवाकेंद्रात, परदेशांतून आलेल्या श्रमिकांच्या वस्तीत राहू लागल्या. विकृतिशास्त्र शिकविणाऱ्या या विदुषीचे खरे शिक्षण तेथे झाले.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य रोगांची पाहणी हाती घेतली व तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. मालकांना विचारून सत्य कळणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून रुग्णालयांच्या नोंदी, गल्लीतले औषधविक्रेते, कामगार पुढारी आणि अखेर मजुरांची घरे, असा त्यांचा माग चाले. एकदा स्नानाच्या टबांना एनॅमल चढविणाऱ्या एका पोलिश मजुराची नोंद त्यांना आढळली. कारखाना पाहिला, तर तेथे धोक्याचे काहीच नाही! मजुराच्या घरी गेल्यावर उलगडा झाला: एनॅमल चढविण्याचे काम दुसऱ्याच जागी होत होते.

शिसे शरीरात हळूहळू साठते. थकवा, फिकटपणा, बद्धकोष्ठ, पोटात उठणारा असह्य शूळ आणि पुढे मनगट लुळे पडणे, हा त्याचा क्रम. पहिली लक्षणे कोणत्याही दरिद्री माणसात दिसतील अशीच. म्हणून हॅमिल्टन यांनी कसोटी कडक ठेवली. हिरडीच्या कडेला शिशाच्या सल्फाइडची निळसर-काळी रेघ स्पष्ट असल्याखेरीज त्या निदान पक्के मानत नसत. काही खरे रोगी त्यामुळे गणतीतून सुटले असतील. पण जे नोंदले गेले त्यांना खोडून काढणे कठीण झाले. मजूर हात धूत नाहीत, दारू पितात, हा मालकांचा ठरलेला युक्तिवाद. विष मुख्यतः श्वासावाटे, धुळीतून आणि वाफेतून शरीरात जाते, हे त्यांनी दाखविले. सत्तरांहून अधिक उद्योगप्रक्रियांत हा धोका आढळला आणि १९११ मध्ये इलिनॉयमध्ये कायदा झाला.

पुढे संघराज्य सरकारसाठी पाहणी करताना कारखान्यात शिरण्याचा हक्कही त्यांना नव्हता. मन वळविणे एवढेच हाती होते. सफेदा बनविणाऱ्या नॅशनल लेड कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड कॉर्निश यांनी आपल्या कामगारांना विषबाधा होते हे संतापून नाकारले, पुरावा मागितला. हॅमिल्टन यांनी बावीस रुग्ण दाखविले. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धुळीचा बंदोबस्त आणि वैद्यकीय तपासणी सुरू झाली.

१९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना सहायक प्राध्यापक नेमले. त्या तेथील पहिल्या स्त्री अध्यापक. मात्र अध्यापकांच्या क्लबात पाऊल ठेवायचे नाही आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, या अटींवर. १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हाही सहायकच होत्या. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याला त्यांनी १९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेत विरोध केला. तो मानला गेला नाही. भारतात असे पेट्रोल बंद होण्यास २००० साल उजाडले.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या निवर्तल्या. कारखान्यांत तपासनीस धाडण्याचा अधिकार देणारा अमेरिकेचा कामगार सुरक्षा व आरोग्य कायदा संमत झाला तो त्याच वर्षी २९ डिसेंबरला.