शिनकावाच्या वस्तीतील कागावा

२४ डिसेंबर १९०९ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, जपानमधील कोबे शहराच्या शिनकावा या झोपडपट्टीत एकवीस वर्षांचा एक क्षयरोगी विद्यार्थी कायमचा राहावयास आला. पूर्वी तेथे खून झाल्याने भुताटकीची मानली गेलेली खोली त्याला स्वस्तात मिळाली. तो विद्यार्थी म्हणजे तोयोहिको कागावा.

त्यांचा जन्म १८८८ साली कोबे येथेच झाला. आई गेइशा, वडील व्यापारी. दोघेही लवकर निवर्तले आणि हा अनौरस मुलगा तोकुशिमा येथील वडिलांच्या घरी उपेक्षेत वाढला. अमेरिकन मिशनऱ्यांकडे इंग्रजी शिकताना तो ख्रिस्ती धर्माकडे ओढला गेला. १९०४ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे कोबे येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच त्याने शिनकावा गाठले.

तेथील दारिद्र्य अंगावर काटा आणणारे होते. नकोशी झालेली अर्भके थोड्या पैशांच्या मोबदल्यात सांभाळावयास घ्यायची आणि उपासमारीने मरू द्यायची, असा व्यवहारच तेथे चाले. कागावांनी मुलांसाठी रविवारची शाळा काढली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, निराधारांना आपल्या खोलीत आसरा दिला. या वास्तव्यात खुपरीने त्यांची दृष्टी अधू झाली. १९१३ मध्ये त्यांनी विवाह केला तो हारू या कामगार तरुणीशी. त्यांचा संसारही वस्तीतच थाटला गेला.

१९१४ ते १९१७ या काळात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे शिकून ते परतले, तेव्हा केवळ दानधर्माने दारिद्र्य हटणार नाही, असे त्यांचे मत झाले होते. १९२० च्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा प्रचंड खप झाला आणि तिच्या मानधनातील मोठा वाटा चळवळींकडे वळला. १९२१ मध्ये कोबेच्या जहाजबांधणी कामगारांच्या संपाचे नेतृत्व करताना त्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने तेथे ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली, तर १९२२ मध्ये सुगियामा मोतोजिरो यांच्यासमवेत शेतकरी संघटना.

या सेवेला एक गालबोट आहे, आणि जातिव्यवस्थेचे चटके जाणणाऱ्या मराठी वाचकाला ते विशेष खुपेल. जपानमध्ये अस्पृश्यांसारखी वागणूक मिळालेल्या बुराकू समाजाविषयी कागावांनी १९१५ च्या ग्रंथात अत्यंत पूर्वग्रहदूषित विधाने केली. ज्यांच्या शेजारी ते राहिले, त्यांच्यातील अनेकांना त्यांनी जणू वेगळ्या, गुन्हेगारी वंशाचे ठरवले. त्यांच्या मृत्यूनंतर यावरून वादळ उठले, ते योग्यच होते.

मद्रासजवळील तांबरम येथे १९३८ च्या डिसेंबरात भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेसाठी ते भारतात आले. जानेवारी १९३९ मध्ये बारडोली येथे त्यांनी गांधीजींची भेट घेतली. त्या वेळी जपानचे चीनवर आक्रमण सुरू होते. शांततावादामुळे १९४० मध्ये त्यांना लष्करी पोलिसांनी पकडले. मात्र युद्धाच्या अखेरच्या काळात तेच अमेरिकेविरुद्ध नभोवाणीवर बोलले. तुरुंगाचे भय की बॉम्बवर्षावाचा संताप, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

२३ एप्रिल १९६० रोजी टोकियो येथे त्यांचे निधन झाले. कोबेची सहकारी संस्था वाढत गेली आणि तिची सभासदसंख्या दहा लाखांच्या पलीकडे पोहोचली. १९९५ च्या भूकंपात तिचे मुख्यालय कोसळले. तरीही तिच्या कर्मचाऱ्यांनी आपद्ग्रस्त शहराला अन्नपाणी आणि जीवनावश्यक वस्तू पुरवल्या.