ब्यूटचे तिसरे मार्क्वेस : पदव्या वारशाच्या, श्रद्धा स्वतःची

स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या ब्यूट बेटाचे स्टुअर्ट घराणे १४व्या शतकातील राजा दुसरा रॉबर्ट याच्या एका पुत्रापासून सुरू होते. हा पुत्र औरस नव्हता. तरीही ब्यूटचे शेरीफपद त्याच्या वंशात पिढीजात चालत राहिले. १७०३ साली घराण्यास अर्ल ही पदवी लाभली, १७९६ साली त्याहून वरची मार्क्वेस ही. विवाहसंबंधातून वेल्समधील कार्डिफची जमीन आली, तर डमफ्रीझच्या अर्लपदाबरोबर क्रायटन हे आडनाव.

हा सारा वारसा जॉन पॅट्रिक क्रायटन-स्टुअर्ट यांना पाळण्यातच मिळाला. १२ सप्टेंबर १८४७ रोजी त्यांचा जन्म झाला आणि अवघ्या सहा महिन्यांत वडील निवर्तले. कार्डिफच्या गोदीमुळे व कोळशामुळे ते पुढे त्या काळच्या अतिश्रीमंतांत गणले गेले. बाराव्या वर्षी आईही गेली.

प्रॉटेस्टंट संस्कारांत वाढलेल्या या तरुणाचे मन ऑक्सफर्डला शिकत असताना कॅथोलिक ख्रिस्तसभेकडे ओढले गेले. पालकांचा विरोध होता; सज्ञान होईपर्यंत थांबण्याचे त्यांनी मान्य केले. २१ वर्षे पूर्ण होताच, ८ डिसेंबर १८६८ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला त्यांनी ख्रिस्तसभेत प्रवेश केला. ब्रिटनमध्ये कॅथोलिकांना पार्लमेंटची दारे १८२९ सालीच खुली झाली होती, पण मने तितकी खुली नव्हती. मोठी खळबळ माजली. डिझरेली यांच्या १८७० सालच्या 'लोथेर' या कादंबरीचा नायक त्यांच्यावरच बेतलेला. मात्र तो शेवटी कॅथोलिक होत नाही! कादंबरीकाराला जे रुचले नसावे, ते जॉन यांनी प्रत्यक्ष केले होते.

वास्तुकार विल्यम बर्जेस यांच्याकडून त्यांनी कार्डिफच्या किल्ल्याला नवे रूप दिले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे भाषांतर. धर्मगुरूंचा नित्य प्रार्थनाग्रंथ, रोमन ब्रेव्हिअरी, त्यांनी लॅटिनमधून इंग्रजीत आणला आणि १८७९ साली प्रसिद्ध केला. लोकभाषेतील उपासनेला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वाट करून दिली ती १९६३ साली, हे येथे ध्यानात घ्यावे.

९ ऑक्टोबर १९०० रोजी डमफ्रीझ हाउस येथे त्यांचे निधन झाले. पदव्या ज्येष्ठ पुत्राकडे गेल्या. देह ब्यूट बेटावर ठेवण्यात आला. हृदय मात्र त्यांच्या इच्छेनुसार पत्नी ग्वेंडोलेन व मुलांनी यरुशलेमला नेले आणि जैतुनाच्या डोंगरावर पुरले.