डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या कर्जत व खालापूर भागांतून बोरघाट चढून पुण्याकडे जाणारी आगगाडी प्रथम १८६३ सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं उतारूंस खोपोलीस उतरून पुढील घाट पायीं, गाडींतून अथवा पालखींतून चढावा लागे. घाटांतील लोहमार्ग खुला झाल्यावर दोनच वर्षांनीं, ३१ मार्च १८६५ रोजीं, कल्याणच्या जोशी घराण्यांत एक कन्या जन्मास आली. तिचें माहेरचें नांव यमुना. कर्जत तालुका व त्याचा खालापूर पेटा त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असत. १८९१ सालीं ते कुलाबा जिल्ह्यास, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यास, जोडले गेले. तेव्हां ज्या थोर स्त्रीचें चरित्र येथें सांगावयाचें आहे, ती आपल्या जुन्या जिल्ह्याचीच होय.

नवव्या वर्षीं, १८७४ सालीं, यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी या पोस्टखात्यांतील कारकुनाशीं झाला व सासरीं तिचें नांव आनंदी ठेवण्यांत आलें. गोपाळराव वयानें पत्नीपेक्षां बरेच मोठे, विधुर आणि स्वभावानें हट्टी होते. बायकोनें शिकलेंच पाहिजे हा त्यांचा निश्चय इतका कडक होता कीं, अभ्यास टाकून स्वयंपाकघरांत रमलेली ती त्यांस मुळींच खपत नसे. इतर नवरे बायकोच्या हातीं पुस्तक दिसलें म्हणजे रागावत. हे गृहस्थ तें दिसलें नाहीं म्हणजे रागावत. त्यांच्या शिस्तींत माया थोडी व धाक फार होता, हें सत्य लपविण्यांत अर्थ नाहीं. तथापि त्या धाकांतूनच आनंदीबाईंस विद्येची गोडी लागली आणि पुढें ती गोडी त्यांची स्वतःची झाली.

वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांस एक पुत्र झाला. तें बालक अवघे दहा दिवस जगलें. त्या काळीं आपल्या देशांत स्त्रियांची शुश्रूषा करावयास शिकलेली वैद्य स्त्री मिळणें दुर्लभ होतें, आणि परपुरुषास दुखणें दाखविण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या बायका घरोघरीं होत्या. आईपणाचें हें दुःख आनंदीबाईंनीं विसरून टाकलें नाहीं. त्यांतूनच, आपण स्वतः वैद्यक शिकावें हा संकल्प त्यांच्या मनांत दृढ झाला.

गोपाळराव कोल्हापुरास असतां त्यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेंत सोय होईल काय, अशी विचारणा वाइल्डर नांवाच्या मिशनरी गृहस्थांस पत्रानें केली. हा पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापला गेला. जोशी दांपत्यानें ख्रिस्ती व्हावें, अशी अपेक्षा त्यांत वाइल्डरसाहेबांनीं दर्शविली होती. परंतु धर्म बदलण्यास तें दांपत्य तयार नव्हतें, म्हणून त्या मार्गानें मदत झाली नाहीं. पुढें न्यू जर्सी संस्थानांतील रोसेल गांवच्या कार्पेंटरबाईंच्या दृष्टीस तें मासिक सहज पडलें. समुद्रापलीकडील एका अनोळखी मुलीची तळमळ वाचून त्या माउलीचें मन द्रवलें. त्यांनीं १८८० सालीं आनंदीबाईंस पत्र लिहिलें, आणि त्या दोघींमध्यें मावशी-भाचीसारखें नातें जडलें.

गोपाळरावांची बदली बंगाल्यांत झाली होती. तेथें श्रीरामपूरच्या मिशन कॉलेजाच्या दिवाणखान्यांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं इंग्रजींत जाहीर भाषण केलें. हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, त्यासाठींच आपण एकट्या परदेशीं जात आहों, आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येऊं, असा त्या भाषणाचा आशय होता. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत अमेरिकन मिशनरी स्त्रियांच्या सोबतीनें त्या कलकत्त्याहून बोटींत बसल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कास पोंचल्या. त्या वेळीं त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत त्यांनीं नांव घातलें. कॉलेजच्या प्रमुख बॉडलेबाई यांनीं त्यांस ममतेनें वागविलें. परंतु तेथील थंडी कडाक्याची, खाणें शाकाहारी व तुटपुंजें, राहण्याची खोली धुरकट, आणि अभ्यास रात्रंदिवस. यामुळें मूळचीच नाजूक प्रकृति ढासळूं लागली. तरीहि त्यांनीं आपला आहार व साडी सोडली नाहीं. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनीं प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.

येथवरची कथा बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असते. यापुढील थोड्या महिन्यांकडे मात्र फारसें कोणी लक्ष देत नाहीं. पदवी मिळाली म्हणजे डॉक्टरी आली असें नव्हे, हें आनंदीबाई जाणून होत्या. रोग्याच्या उशाशीं बसून हातानें काम केल्यावांचून पुस्तकी ज्ञान निरुपयोगी, म्हणून बोस्टन शहरांतील स्त्रिया व मुलें यांच्या इस्पितळांत प्रत्यक्ष अनुभव घेण्यास त्यांनीं आरंभ केला. पण शरीर साथ देईना. खोकला व ताप वाढत चालला. क्षयानें त्यांस ग्रासलें होतें. इतक्यांत कोल्हापूर दरबारानें आपल्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रीविभागाची मुख्य जागा त्यांस देऊं केली. अखेर बोस्टनचें शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांस स्वदेशाचा रस्ता धरावा लागला.

ज्या कामासाठीं घर, देश व जातीची मर्जी पणास लावली, त्याचा शेवटचा भाग अपुरा टाकून परतणें त्यांस किती जड गेलें असेल, याची कल्पना करावी. तेथेंच राहून हट्टानें काम रेटलें असतें, तर परक्या भूमींत देह पडला असता. परतल्यास निदान आपल्या माणसांची सेवा करण्याची आशा होती. अपुरें सोडणें म्हणजे हार, असें आपण पुष्कळदां मानतों. पण हाती उरलेलें बळ कोठें खर्चावें हें ओळखणें, हाहि धैर्याचाच भाग आहे.

ऑक्टोबरांत गोपाळरावांसह त्या न्यूयॉर्काहून निघाल्या व नोव्हेंबर १८८६ मध्यें मुंबईस उतरल्या. लोकांनीं त्यांचें कौतुकानें स्वागत केलें. परंतु समुद्रप्रवासानें दुखणें फार बळावलें होतें. पुढें त्यांस उपचारांसाठीं पुण्यास नेलें. मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी तेव्हांहि कर्जतवरूनच घाट चढत असे. सुमारें पंधरा मैलांत अठराशें फूट उंची गांठणारा तो मार्ग होय. औषधोपचारांची शिकस्त झाली, पण गुण आला नाहीं. कोल्हापूरची ती जागा त्यांची वाट पाहत राहिली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यास एक महिना उरला होता. त्यांच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या, व न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्यांस विसावा मिळाला.

डॉक्टर म्हणून आपल्या देशांतील रुग्णालय चालविण्याचें भाग्य आनंदीबाईंस लाभलें नाहीं. मग त्यांनीं मिळविलें काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर त्यांच्या मागून गेलेल्या स्त्रियांनीं दिलें. त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजांतून १८९२ सालीं गुरुबाई करमरकर डॉक्टर होऊन आल्या आणि मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या द्वारें त्यांनीं अनेक वर्षें रुग्णसेवा केली. पुढें डॉ. रखमाबाई विलायतेहून शिकून आल्या. ज्या वाटेवर पहिलें पाऊल टाकण्यास एका मुलीस आयुष्य वेंचावें लागलें, तीच वाट थोड्याच वर्षांत इतरांस चालतां येऊं लागली.

विद्यार्थिमित्रांनो व भगिनींनो, मनांत योजलेलें प्रत्येक कार्य तडीस जाईलच असें नाहीं. आजार येतो, पैसा संपतो, घरची अडचण उभी राहते, आणि मध्येंच परत फिरावें लागतें. अशा वेळीं शरमेनें मान खालीं घालूं नका. जेवढें काम हातून झालें तें प्रामाणिकपणें झालें काय, आणि मागून येणाऱ्यास त्याचा कांहीं आधार होईल काय, एवढेंच स्वतःस विचारा. आनंदीबाईंनीं हा प्रश्न स्वतःस केला असता, तर त्यांस समाधानानें होय म्हणतां आलें असतें.