जकार्ताच्या सुवर्णपदकाचे मानकरी गोलरक्षक पीटर थंगराज

भारतीय फुटबॉलमधील अग्रगण्य गोलरक्षक पीटर थंगराज यांचा जन्म १९३५ साली हैदराबाद येथे झाला. म्हैसूरच्या दक्षिणेस, निलगिरीतील वेलिंग्टनच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये आघाडीला खेळणारा हा उंचापुरा जवान गोलरक्षक बनला. या संघाने १९५५ आणि १९५८ साली ड्युरँड चषक जिंकला. १९५६ व १९६०च्या ऑलिंपिक संघांतही त्यांचा समावेश होता.

जकार्ता येथील १९६२च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आजारपणामुळे बाहेर बसावे लागलेल्या थंगराज यांच्यावर प्रशिक्षक रहीम यांनी अंतिम सामन्यात पुन्हा विश्वास टाकला. प्रेक्षकांच्या तीव्र विरोधात भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला. १९६७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २४ नोव्हेंबर २००८ रोजी बोकारो येथे त्यांचे निधन झाले. ते सुवर्णपदक भारताला पुन्हा जिंकता आलेले नाही.